१९८६ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल, हर्णै बंदराजवळ उभी, ९५ हजार सांगतायत. रास्त भाव कसा काढायचा?

गुहागरकर_२५०

हर्णै बंदरापासून चालत दहा मिनिटांवर एका घराच्या पडवीत १९८६ ची रोडकिंग उभी आहे. विकणारा मुंबईला असतो. गाडी वडिलांच्या नावावर, वडील वारले. नंबर जुना, तीन अक्षरी. पासिंग (नोंदणीची मुदत) नोव्हेंबर २०२१ मध्ये संपलं, म्हणजे चार वर्षं झाली. गाडी अधूनमधून चालू करून ठेवतात. ९५ हजार सांगतोय आणि वर ‘व्हिंटेज आहे, भाव वाढतच जाणार’ हेही ऐकवतो.

कागद चोख असलेल्या, रोज चालणाऱ्या रोडकिंगचे सौदे आमच्या भागात १ लाख १० हजारांच्या आसपास ठरतात, हे तीन ठिकाणी विचारून घेतलंय. गॅरेजमधून कामाचे आकडेही आणलेत: क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची, बांधणी (रॉड किट, बेअरिंग, सील, मजुरी धरून) ९,०००, बोअर-पिस्टन ४,५००, रिम-स्पोक ६,५००, टायर-ट्यूब ४,८००, दोन्ही सायलेन्सर ७,०००, टाकी आतून साफ करून झाळणं ३,५००, रंग १२,०००.

बघायला जाताना काय काय तपासू? आणि किती म्हणू?

चिपळूण_बोअरपिस्टन

दादा, सांगितलेल्या भावातून घासाघीस करत खाली येऊ नका. तुमच्या १ लाख १० हजारांपासून सुरुवात करा आणि ही गाडी त्या पायरीला आणायला जे लागेल ते वजा करत चला. ९५ हा आकडा या हिशेबात कुठेच येत नाही.

किनाऱ्यावरच्या गाडीचा भाव लोखंड ठरवतं. इंजिन लेथवर नेऊन बांधता येतं. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली असेल तर दुसरी आणायची कुठून? मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, आणि दुसऱ्या गाडीची चेसिस लावलीत तर नंबर जुळत नाही. म्हणून आधी खाली बसा, किक नंतर मारा.

बॅटरी बॉक्सच्या खालची नळी बघा, तिथे ॲसिड आणि खार दोन्ही पोचतात. मग मेन स्टँडचे कान, स्विंग आर्मचा बोल्ट, टाकीखालची नळी. पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भरड आणि बसका आला तर नळी आतून पातळ झालीय. वरचा लाल गंज पॉलिश पेपरनं जातो, त्याचे पैसे कापू नका. पापुद्रे सुटत असतील तर मात्र उठून घरी या, कितीलाही घेऊ नका.

छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून टाकी आणि मडगार्डवर फिरवा. घट्ट धरतंय तिथे पत्रा आहे, घसरतंय तिथे पुट्टी. मागच्या मडगार्डला आतून अंगठा लावून दाबा. चिऱ्याची लाल माती तिथे थर धरून बसते आणि पावसाळाभर ओल सोडत नाही. बंदराजवळची गाडी आहे, तेव्हा मागे टप बांधून मासळी नेलेली का हेही ओळखा. शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टांशी कॅरिअरचे घासलेले व्रण असतील, डाव्या-उजव्या सायलेन्सरवर आणि मागच्या रिमवर वरून ओघळलेले गंजाचे पट्टे असतील. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं ठिबकलेलं असतं. अशा गाडीची मागची रिम आणि सगळे स्पोक सरळ खर्चात धरा. स्पोकच्या निपलला चावी लावून बघा. फिरतच नसेल तर चाक सरळ करता येणार नाही, रिम नवीच बांधावी लागते.

टाकी: झाकण काढून टॉर्च मारा. तळाला भुकटी दिसली तर साफ होते. खालच्या जोडावर पेट्रोलचा ओला काळपट डाग म्हणजे सुईएवढी भोकं. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी लवकर मुरतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून जास्त वेगानं जाते.

आता इंजिन. जायच्या आधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात सिलेंडरवर ठेवा, कोमट लागला तर त्याला काहीतरी लपवायचंय. थंड इंजिन चोक देऊन चार-पाच किकमध्ये उठलं पाहिजे. सुरुवातीला पांढरा धूर येणारच, टू-स्ट्रोक आहे. दहा मिनिटं फिरवून आणल्यावरही तेवढाच धूर असेल तर डावा क्रँक सील गेलाय. रोडकिंगचा क्लच, प्रायमरी चेन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात असतात. सील गेला की इंजिन ते तेल ओढून जाळतं. खात्री करायची तर गिअर ऑइलची पातळी बघा, कमी असेल.

उजवा सील गेला तर उलटा प्रकार. धूर नाही, पण इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप चढतं-उतरतं आणि लांबच्या चढाला पिस्टन जाम होतो. आंबा घाटात जाम झालेल्या रोडकिंगचं बोअर उघडलं की बहुतेक वेळा मूळ दुखणं तिथे सापडतं.

उजवं कव्हर काढायला लावा, मोजून पाच मिनिटांचं काम आहे. आर्मेचर म्हणजे क्रँकच्या टोकावर फिरणारा डायनॅमोचा गाभा, त्याच्या मधल्या बोल्टाला पाना लावून वर-खाली हलवा. प्ले, म्हणजे सैलपणा, हाताला जाणवला तर क्रँकचं मेन बेअरिंग गेलं. आत फील्ड कॉइलच्या कडेला घासून आलेली चकाकी दिसली तर शंकाच नको. अशा गाडीचा पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.४ मिमीला लावला तरी टिकत नाही, टायमिंग रोज वेगळं. ‘फक्त पॉइंट बदलायचेत’ असं विकणारा म्हणाला की हीच जागा आधी उघडायची.

पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या रॉडचा प्ले बघायला प्लग काढा, पिस्टन वरच्या टोकाच्या जरा खाली आणा, भोकातून लांब पेचकस पिस्टनवर टेकवून धरा आणि आर्मेचर हातानं थोडं मागे-पुढे फिरवा. आर्मेचर हललं पण पेचकस जागेवरच राहिला, तर मधली तेवढी झीज रॉडची. डाव्या बाजूला आयडलिंगला खडखड येत असेल तर प्रायमरी चेन सैल झालीय.

रंगाचे १२,००० वजा करू नका. १ लाख १० हजारवाल्या गाड्यांचा रंगही काही नवा नसतो.

कुडाळ_आरसीबुक

या सौद्यात सगळ्यात मोठा खड्डा कागदात आहे, आणि विकणारा त्याबद्दल बोलत नाहीये.

पासिंग संपल्यावर उशीर झाला तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा लागतात. चार वर्षं म्हणजे ४८ महिने, १४,४०० रुपये. २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० झाली. पर्यावरण कर पाच वर्षांचा २,०००. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता १,३६६, जीएसटी धरून १,६१२. नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट ४५० अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. बेरीज २०,५४३. एजंटचे पैसे यात नाहीत. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आरटीओत आधी काढून घ्या आणि तो कागद घेऊनच बोलणीला बसा.

वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा थेट तुमच्या नावावर करून देईल असं समजू नका. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या भावंडांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. मग फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. एक बहीण सही द्यायला तयार नसेल तर गाडी तुमच्या अंगणात आणि नाव मयताचं, अशी वर्षं जातात. जुन्या तीन अक्षरी नंबरची नोंद ऑनलाइन दिसते का तेही बघा. नसेल तर आधी कार्यालयातून बॅकलॉग एंट्री (जुन्या बुकातली नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते, त्यासाठी मूळ आरसी बुक हवं, झेरॉक्स चालत नाही. बुकात कुठल्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे का तेही उलटून बघा. कर्ज फिटलेलं असतं, पण नोंद तशीच राहिलेली असते.

चेसिस नंबरचा ठसा स्वतः घ्या. हेडच्या नळीवरचा रंग आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्यानं पुसा, पातळ कागद ठेवून पेन्सिलचं शिसं आडवं धरून हलक्या हातानं घासा. प्रत्येक आकडा कागदावर उमटला पाहिजे. इन्स्पेक्टरही हेच बघतो. गंजानं एखादा आकडा खाल्ला असेल तर त्यावर पंच मारून ‘दुरुस्त’ करू देऊ नका, गाडी संशयात येते.

आणि व्हिंटेज म्हणाल तर कायद्यानं ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज. २०२१ च्या नियमांत तिला व्हीए अक्षरांची वेगळी मालिका आहे, नव्या नोंदणीची फी २०,००० आणि रोजच्या वापराला बंदी. १९८६ च्या गाडीला त्या शब्दाचे पैसे देऊ नका.

मिऱ्या_किनारा

वरचं सगळं बरोबर, फक्त वजाबाकीच करत बसू नका. रोडकिंगवर मूळ सायलेन्सर, पूर्ण चेन कव्हर, मूळ मीटर आणि किकचा मूळ दांडा असेल तर भर घालायला हवी. आज बाजारात मिळतात ते सायलेन्सर आतल्या जाळीत कमी पडतात. आवाज फुटका येतो आणि खालचा पिकअपही जातो. मूळ सायलेन्सर खालून फुटला असेल तरी टाकू नका, पत्रा लावून वेल्डिंग होतं. गिअर आणि किकचा दांडा एकच असल्यामुळे आत दाबून फिरवताना तो नीट बसतो का, परत आपोआप बाहेर येतो का, हे आठ-दहा वेळा करून बघा. दाते गेले असतील तर भर चौकात किक घसरते. हे चारही नग धड असतील तर ५,००० वर द्या, हसत द्या.

गुहागरकर_२५०

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं काल तपासलं. चेसिस टणक, बॅटरीखाली फक्त वरवरचा गंज. नंबरचा ठसा पूर्ण उमटला. टाकी कोरडी, चुंबक सगळीकडे धरतं. मागच्या मडगार्डला कॅरिअरखाली अंगठा आरपार गेला, मासळीचीच गाडी. निपल एकही फिरत नाही, टायर तडकलेत. उजवीकडे वर-खाली स्पष्ट प्ले, कॉइलवर चकाकी. दहा मिनिटांनंतरही पांढरा धूर. डावा सायलेन्सर खालून फुटलेला, पण दोन्ही मूळ. चेन कव्हर, मीटर, दांडा मूळ आणि व्यवस्थित. आरसी बुक मूळ आहे, बोजा नाही. एक बहीण पुण्याला, सही द्यायला तयार.

चिपळूण_बोअरपिस्टन

मग गाडी घेण्यासारखी आहे. प्ले आणि धूर दोन्ही असल्यामुळे इंजिन पूर्ण उघडायचंच, नुसता डावा सील बदलून भागणार नाही. क्रँक ९,०००, बोअर-पिस्टन ४,५००, रिम-स्पोक ६,५००, टायर ४,८००, सायलेन्सरचं वेल्डिंग १,५०० आणि मडगार्डचा पत्रा २,००० धरा. २८,३०० झाले. उघडल्यावर गिअरचा दात किंवा क्लचची प्लेट निघतेच, त्यासाठी १५ टक्के वर, म्हणजे साधारण ३२,५००. कागदाचे २०,५००. १ लाख १० हजारांतून दोन्ही गेले की ५७,००० उरतात. मूळ नगांचे ५,००० घालून ६२,०००.

५२ पासून बोलणी सुरू करा, ६२ ला थांबा. पासिंग, कर, विमा आणि प्लेट त्यानं स्वतः करून गाडी तुमच्या नावावर दिली तर तोच हिशेब ८२,५०० होतो आणि तोही रास्त आहे. दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवा, निवड त्याला करू दे. घाई करू नका. गणपतीत चाकरमानी आले की जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक वाढतं, दिवाळीनंतर ते ओसरतं, आणि तुम्ही बरोबर त्यानंतर गेलाय.

कुडाळ_आरसीबुक

टोकन ५,००० पेक्षा जास्त नको, तेही ऑनलाइन, म्हणजे नोंद राहते. साध्या कागदावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, ठरलेली रक्कम आणि ‘वारस नोंद होईपर्यंत बाकी रक्कम देय नाही’ हे वाक्य लिहून मुलाची आणि बहिणीची दोघांचीही सही घ्या. विमा काढेपर्यंत गाडी रस्त्यावर चालवत आणू नका, टेम्पोत घालून आणा.