मदत हवी आहे: छांगटे की विक्रम? वाद मिटवा रे कोणीतरी

मंडळी, २०२४ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) सेमीफायनलमधल्या मुंबई सिटी विरुद्ध एफसी गोवा सामन्यांवरून आमच्यात अजून भांडणं चालू आहेत. दोन मॅचपैकी गोव्यातल्या फातोर्ड्याची ती पहिली मॅच. बोरिस सिंग आणि ब्रँडनच्या गोलांवर गोवा ९० व्या मिनिटापर्यंत २-० पुढे, आणि शिट्टी वाजली तेव्हा मुंबई ३-२ ने जिंकलेली! मी तर वैतागून टीव्ही बंद करायला उठलो होतो.

मुंबईच्या छांगटेने दोन गोल मारले, त्यामुळे हिरो तोच, असं बहुतेकांचं मत. मला मात्र विक्रम प्रताप जास्त महत्त्वाचा वाटतो. बरोबरीचा गोल त्याचा, आणि तिथेच गोव्याचे पाय लटपटले.

खरा वाद पुढे आहे. माझा मडगावचा मावसभाऊ म्हणतो, "तुम्ही जिंकला नाहीत, आम्ही हरलो." पहिली ८९ मिनिटं आपली, म्हणजे मुंबईची, मिडफिल्ड कुठे होती, याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. परतीच्या मॅचमध्ये २-० केलं म्हणून ते विसरायचं का?

मॅच पूर्ण पाहिलेल्यांनी सांगा: सर्वात निराश कोणी केलं? मुंबईच्या मधल्या फळीने की गोव्याच्या बचावाने? कारणासकट लिहा, फिश थाळीची पैज लागली आहे.