मदत हवी आहे : न्जोंबेचे नरभक्षक सिंह आणि मांत्रिकाची दंतकथा

नमस्कार मंडळी. टांगानिकाच्या (आजचा टांझानिया) दक्षिण भागातल्या न्जोंबे परिसरातील नरभक्षक सिंहांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितो आहे. 1930 आणि 40च्या दशकांत तिथे सिंहांच्या एका कळपाने माणसं मारली. पंधराशे बळी गेले असं सांगितलं जातं, पण हा आकडा मला फुगवलेला वाटतो.

गावकऱ्यांची श्रद्धा अशी की हे सिंह माटामुला मांगेरा नावाच्या मांत्रिकाच्या हुकमतीत होते. मुखियाने त्याला पदावरून काढलं, म्हणून त्याने ते गावांवर सोडले. सिंहाचं नाव घ्यायलाही लोक भीत. वनरक्षक जॉर्ज रश्बीने 1947पर्यंत पंधरा सिंह मारले आणि हल्ले थांबले. गावकरी मात्र म्हणत, मांत्रिकाला पद परत मिळालं म्हणून थांबले!

रश्बीचं कारण वेगळं होतं. गुरांवरचा बुळकांडी रोग पसरू नये म्हणून ब्रिटिश सरकारने तिथले वन्य प्राणी मारले आणि सिंहांचं भक्ष्यच संपलं. मला हे पटतं, तरी मांत्रिकाची बाजू नुसती अंधश्रद्धा म्हणून झटकायची नाही. भीतीत जगणाऱ्या माणसांचं म्हणणं लेखात नीट यायला हवं.

न्जोंबे भागात राहणाऱ्या बेना जमातीच्या लोकांच्या तोंडून नोंदवलेल्या आठवणी कुठे वाचायला मिळतील? वसाहतकाळातील वन्यजीव खात्याचे वार्षिक अहवाल कोणी पाहिले आहेत का? दार-ए-सलाममध्ये राहणारं, स्वाहिली वाचणारं कोणी असेल तर कृपया लिहा.