तिथीची पाऊणपट : किनाऱ्याने पायी चाललेल्यांनो, आपापले अनुभव लिहा

गडगा
आज दुपारी भाचीने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, या चतुर्थी-पंचम्या उपासाशिवाय कशाला लागतात गं?" माझ्या तोंडून आपसूक निघालं, "भरती काढायला." तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. चार पाउणे तीन. म्हणजे चतुर्थीला दुपारी तिनाला भरती आणि सकाळी नवाला सुकती, म्हणजे ओहोटी. तिला शिकवता शिकवता धाकटे काका आठवले आणि मग कशात लक्षच लागेना, म्हणून हा धागा.

१९९४चा डिसेंबर. काका, मी आणि चुलतभाऊ दाभोळला लाँचमध्ये बसलो आणि पलीकडे धोपाव्याला उतरलो. तिथून किनारा धरून गणपतीपुळ्यापर्यंत पायी. अंजनवेल, गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, मग शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड, मालगुंड. काकांच्या खिशात एक वही असायची, तिच्यात तीनच रकाने: तिथी, भरती, गाव. पुळणीवरून चालायचं ते सुकतीला, कारण ओली वाळू पायाखाली फरशीसारखी घट्ट लागते. भरतीच्या वेळी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढायचं नाहीतर कुणाच्या तरी पडवीत टेकायचं. दर दोन तासांनी मुलूख पालटायचा. नारळी-पोफळी, मग जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, वर वाळक्या गवताचा उघडाबोडका सडा, पुन्हा उतार, खाली खाजण.

हेदवी मात्र त्यांनी मुद्दाम चतुर्थीला आणि मुद्दाम तिनाला गाठली. बामणघळीसाठी! काळ्या कातळाला उभी चीर आहे, भरतीचं पाणी तिच्यात घुसतं. आधी नुसता आवाज आला, जड जातं फिरवल्यासारखा. मग पाणी सरळ उभं राहिलं, आमच्या डोक्याच्या किती तरी वर. काकांचा चष्मा मिठाने पांढरा झाला. तो तसाच डोळ्यांवर ठेवून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "तीन दहा."

ती वही आता माझ्याकडे आहे. तुमच्या वाटा सांगा, लांबलचक नसल्या तरी चालतील.

सुरंगी
वेळास! कासवाची पिल्लं पाहायला सगळे गाडीने येतात आणि गाडीनेच परत जातात. आम्ही चौघी मैत्रिणी हरिहरेश्वरहून बागमांडल्याला आलो, फेरीने वेसवीला उतरलो आणि बाणकोटचा किल्ला करून चालत वेळासला पोचलो. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा खाली सात पिल्लं होती. एक उलटंच चालायला लागलं, समुद्राकडे पाठ करून. गावातल्या दादांनी हात लावू दिला नाही. म्हणाले, "त्याला वळू दे, ते वळतं." आणि वळलं! २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी हे काम उभं केलंय, त्याआधी घरटी सर्रास खणली जायची.

पुढे केळशी, आडे, पाडले करत आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीशी पोचलो तेव्हा एकीच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, पायऱ्या ती अनवाणीच चढली.

पाटावरवंटा
वाचतेय. कुकर लावलाय, सविस्तर रात्री लिहिते.

जांभाकातळ
पुळणीचं सगळेच लिहितील, मी सड्याचं लिहितो. राजापूरकडचा आहे मी. लहानपणी गुरं घेऊन जायचो तिथे कातळावर चित्रं होती, आम्ही त्यांना पांडवांची चित्रं म्हणायचो आणि त्यांच्यावर बसून चिंचा खायचो. आता जगभरातून माणसं बघायला येतात. २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत या कातळशिल्पांचं नाव आलं. कशेळीचा हत्ती पाहिलाय का कुणी? अठरा मीटर लांब आणि त्याच्या पोटात, आजूबाजूला कितीतरी प्राणी कोरलेले. भर दुपारी गेलात तर काही म्हणजे काही दिसणार नाही. चार-साडेचारनंतर ऊन तिरपं झालं की रेषेच्या एका कडेला सावली धरते आणि आख्खं जनावर जमिनीतून वर आल्यासारखं दिसतं. मी वडिलांना घेऊन गेलो होतो. ज्या दगडावर त्यांनी चाळीस वर्षं गुरं चारली त्यावर हत्ती आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग चपला काढून बाजूला ठेवल्या.

कशेळीला गेलात तर कनकादित्याचं देऊळ करा आणि खाली समुद्राकडे उतरा. पाणी बरोबर घ्या, सड्यावर झाड नाही.

सुरंगी
@जांभाकातळ, चपला काढल्या ते वाचून डोळे भरले.

मीठभाकर
कुत्र्यांचं काय करता? वाडीत शिरलं की दहा-दहा अंगावर येतात.

गडगा
@मीठभाकर, काठी नुसती हातात असू द्यायची, उगारायची नाही. आणि लांबूनच हाक मारायची, "आहे का कोणी घरात?" माणसाचा आवाज आला की कुत्री बसतात.

वायंगणी
हरिहरेश्वरचं नाव निघालं म्हणून लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. देवळामागून पायऱ्या उतरून कातळावरची प्रदक्षिणा आहे ना, तिथे मी आणि नवरा अडकलो होतो. भरती सुरू झालीय हे कळलंच नाही. पाणी समोरून येत होतं तोवर ठीक होतं, पण आम्ही पुढे गेलो आणि मागच्या घळीतही भरलं. एक लाट गुडघ्यापर्यंत आली आणि परत जाताना पायाखालची पकडच घेऊन गेली. वरून एक आजी ओरडत होत्या, "डावीकडे या, कातळाला पाठ लावा!" त्यांनी दाखवलं तसं चढलो. नवऱ्याचा तळवा कालवांनी चिरला, सात टाके पडले. त्या जागी माणसं वाहून गेलेली आहेत. तेव्हा मला तिथी-बिथी काही माहीत नव्हतं. हा धागा आधी वाचला असता तर, असं सारखं वाटतंय.

पाटावरवंटा
अगं बाई! थोडक्यात वाचलात. आजींना परत भेटलात का?

वायंगणी
हो, पुढच्या वर्षी साडी घेऊन गेलो. घेईचनात. शेवटी तिळाचे लाडू घेतले.

रापणकर
वेंगुर्ल्याक येवा. सागरेश्वराच्या पुळणीर सकाळी चला, माणूस दिसाचो नाय.

जरा सगळ्यांना कळेल असं लिहितो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर नुसते फोटो काढत उभे राहू नका, दोराला हात लावा. दोन बाजूंनी पंधरा-वीस जण ओढतात, ताल सांभाळावा लागतो. तळहाताची सालं निघतील. पण जाळं कडेला लागलं की ओढणाऱ्याला वाटा मिळतो, मग तो पुण्याचा असो नाहीतर पाट-परुळ्याचा. एकदा एक कॉलेजची पोरगी पाठपिशवीसकट उभी राहिली दोराला. तिला बांगडे आणि चार तारली मिळाली. शिजवणार कुठे? माझ्या बायकोने तिखलं करून घातलं. अजून दर दिवाळीला फोन येतो तिचा.

कुळीथप्रेमी
तिखल्यात त्रिफळं घालता ना?

रापणकर
त्याशिवाय तिखलं म्हणायचं कसं?

कुळीथप्रेमी
आमच्याकडे रत्नागिरीत नाही घालत सगळे. आणि पडवीत टेकल्यावर कुळथाची पिठी आणि मऊ भात मिळाला की नाही गडगाताई? त्यात आमसूल पडलं की चालणाऱ्याचा सगळा शीण उतरतो.

पाटावरवंटा
पिठीला लसूण तुपात की तेलात?

कुळीथप्रेमी
तेलात. तूप वरून.

डेव्हनकर
इथे इंग्लंडात साउथ वेस्ट कोस्ट पाथ आमच्या घराजवळून जातो. माइनहेडपासून पूलपर्यंत १०१४ किलोमीटर. मुळात तस्करांवर नजर ठेवणाऱ्या किनारा-पहारेकऱ्यांची ती पायवाट. प्रत्येक घळीत, प्रत्येक बंदरात डोकावता यायला हवं म्हणून ती कड्याची कड सोडतच नाही, चढ-उतारांनी जीव काढते. वळणावळणावर लाकडी खांब आणि त्यावर ओकच्या फळाचं चिन्ह.

मागच्या मे महिन्यात आई आली होती, वय ६६, मूळची गुहागरची. रोज आठ-दहा किलोमीटर चाललो. एका शेताच्या कडेला फाटक होतं, माणूस वळून आत जाईल पण गाय जाणार नाही असं. आई थांबलीच. म्हणाली, "हे तर आपलं बेडं!" मग तिथेच गवतात बसून तिने सांगितलं, तिच्या माहेरच्या गडग्याला दोन दगडी खांब होते, त्यांना भोकं आणि आडवे वासे. वरचे दोन वासे सरकवून शाळेची पोरं पलीकडे जायची, परत लावून ठेवायची. वाट आमच्या आगरातून जायची आणि तिला कुणी कधी अडवलं नाही.

इथे फरक एवढाच की पायवाट सरकारी नकाशावर नोंदलेली असते. शेत विकलं गेलं तरी वाट विकली जात नाही.

जांभाकातळ
@डेव्हनकर, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. आमच्या वाडीतून खाली बंदरावर जाणारी पाखाडी होती, माझ्या आजोबांनी पावसाळ्यानंतर दरवर्षी तिचे चिरे बसवलेले. जागा विकली गेली. घेणाऱ्याने भिंत घातली, वर काचा. आता कोळणींना डोक्यावर पाटी घेऊन डांबरी रस्त्याने दोन किलोमीटरचा वळसा पडतो. ग्रामपंचायतीत सांगितलं तर कागद मागतात. पाखाडीचा कागद कुठून आणणार? माणसं चालत राहिली हाच तिचा कागद होता. म्हणून म्हणतो, मंडळी, चालायला या. वाटेवर पावलं दिसली की भिंत घालणाराही एकदा विचार करतो.

गडगा
@जांभाकातळ, वहीत शेवटच्या पानावर काकांनी प्रत्येक वाटेची खूण लिहून ठेवलीय. "सुरंगीच्या झाडाखालून", "विहिरीला उजवी घालून" अशी. सगळं टंकून इथे टाकते, थोडे दिवस द्या.

जांभाकातळ
टाकाच. मीही आमच्याकडच्या लिहितो.

तेरेखोल
शिरोडा ते रेडी करा कुणीतरी. मिठागरांच्या बाजूने निघायचं (१९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं), पुढे रेडीचा गणपती, यशवंतगड, मग तेरेखोलच्या खाडीवर उतरून फेरीने गोव्यात केरीला. पायी माणसाला गोव्याच्या फेरीत तिकीट नाही.

मीठभाकर
आई ६८ची, गुडघे दुखतात. थोडंसं काही आहे का?

सुरंगी
गुहागरची पुळण. सपाट, घट्ट, आणि थकल्या की सुरूच्या बनात बसवायचं. रात्री गावात मुक्काम, पहाटे वस्तीची एसटी मिळते.

मीठभाकर
ठरलं. येत्या अष्टमीला सुट्टी आहे. आठ पाउणे सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला सुकती, बरोबर ना? सकाळी दहाला पुळणीवर उतरवते आईला. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून बामणघळही दाखवते.

रापणकर
पुळणीचं बरोबर. फक्त हा हिशोब मुंबईचा, दक्षिणेकडे भरती त्याच्या जरा आधी येते, थोडं लवकरच उतरा. पण बामणघळ नको हां तेव्हा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी जेमतेम चढतं, चिरेत नुसतं डुचमळेल. उधाण हवं. पुनव नाहीतर अवस होऊन दोन दिवस गेले की गाठा, द्वितीयेला.

मीठभाकर
बे पाउणे दीड. मग जेवण हेदवीला आधीच उरकायला लागेल.