‘मूळ गाव’चा रकाना

मेधा (बी २०३), रात्री ८.४०
सगळ्यांना एक विचारायचंय, मेसेज जरा मोठा आहे. ईशाच्या सातवीच्या वर्गाला ‘मी आणि माझा परिसर’ असा प्रकल्प आलाय. झेरॉक्सचं एक पान. मूळ गाव, ग्रामदैवत, कुलदैवत, मातृभाषा, घरचा पारंपरिक व्यवसाय. आपल्या बिल्डिंगमधली ५ मुलं त्याच वर्गात, म्हणून काल सगळी आमच्याच हॉलमध्ये भरायला बसली. ईशाने आजीला फोन लावला, ५ मिनिटांत मोकळी. आरतीने फक्त स्वतःचं नाव लिहिलं आणि बाकी रकान्यांत पेन्सिलीने बारीक नक्षी काढत बसली. म्हटलं, काय गं? तर म्हणाली, “काकू, नेपाळमधलं गाव लिहिलं तर सगळे म्हणतील तू तिकडचीच. नाही लिहिलं तर बाई म्हणतील अपूर्ण.” मला काही सुचलं नाही. उठून पोहे टाकले.

सुभाषकाका (ए १०१), ८.५२
मेधा, शाळेचं काही चुकलं असं मला नाही वाटत. गाव ठाऊक असायलाच हवं. माझा नातू पुण्यात वाढतोय, पण शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा मी त्याला खांदा लावायला देतो. गाऱ्हाण्यात त्याचं नाव येतं नि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तेव्हा त्याचा चेहरा बघायला ये एकदा. वर्षातले ३ दिवस जातो, पण आपण कुठले हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

इम्तियाजभाई (बी ३०१), ८.५८
काका, पालखी बरोबर. पण पान बघा ना. झैदने मातृभाषा ‘उर्दू’ लिहिली. का, तर चुलतभावाने तेच लिहिलं होतं. घरी आम्ही बोलतो कोकणी. त्याची दादी राजिवड्यात पापलेटचा भाव कोकणीत करते आणि याला ओरडते तेही कोकणीतच. उर्दूत ओरडली तर याला वाटेल घरात पाहुणे बसलेत 😄

मेधा
😂😂

इम्तियाजभाई
आणि पारंपरिक व्यवसाय मासेमारी. माझं मोबाईलचं दुकान आहे, मला होडी लागते!

बालाजीसर (ए ३०२), ९.१५
मी उशिरा वाचलं. आमचा ओंकार इथंच रत्नागिरीत जन्मला, इथंच वाढला. लातूरला गेला की चुलत भाऊ म्हणतेत ‘आला बघा कोकण्या’. इथं क्रिकेटमध्ये भांडण झालं की ‘घाटी’. काल ते पान घेऊन आला आणि म्हणला, “पप्पा, ग्रामदैवत भगवती लिहू का? किल्ल्यावर आपण दर नवरात्रात जातोच की.” मी म्हणलं, ते आपलं नाही, गावाकडचं लिही. गप बसला. रात्रभर तेच डोक्यात. मी कोण ठरवणारा? मास्तर असून ही अक्कल!
तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं केलं होतं, ते कशासाठी? लेकरानं स्वतःच्या पायाखालच्या जमिनीपासून सुरुवात करावी म्हणूनच ना. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीला १० दिवस दप्तराविना ठेवलेत, सुतार, माळी, कुंभार असल्या गावातल्या कारागिरांकडं शिकायला. आणि आपण काय करतो? बापाला विचारून रकाने भरून घेतो.

वृषाली (ए २०४), ९.२३
सर 👌 माझे दोन पैसे. आपण रोज थिबा पॅलेसच्या बाजूने जातो. ब्रह्मदेशचा राजा, १८८६ साली इंग्रजांनी इथे आणून ठेवला. तो वाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ ला राजा इथेच गेला. गंमत म्हणजे त्याच सुमारास, १९०८ ते १९१४, आपल्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात. मंडालेचा राजा इथे नि इथले टिळक मंडालेला! राजाची नात टुटू रत्नागिरीतच राहिली, इथलीच होऊन, मराठी बोलत, २००० साली गेली. तिला हे पान दिलं असतं तर मूळ गावात काय लिहिलं असतं तिने?

सुभाषकाका
वाडा लहानपणापासून बघतोय. नातीचं आम्हाला कुणी सांगितलं नाही कधी.

— दुसऱ्या दिवशी —

मेधा, संध्या. ७.१०
कालच्यावरून मुलांना एक कोरा कागद दिला. मधोमध घर काढा, शाळेपर्यंतची वाट काढा आणि वाटेत तुम्हाला नावाने हाक मारणारं जे कुणी असेल ते लिहा. एवढंच. ईशाची ६ नावं, त्यातली ४ तिच्याच रिक्षातली मुलं. (माझ्या मुलीला गल्लीत कुणी ओळखत नाही हे मला आज कळलं. सगळीकडे स्कूटरवरून मीच नेते ना.) ओंकारची १४. आरतीची ३१! गेटवर येणारी मासळीवाली मावशी, बेकरीतला दादा, पोस्टमन, आंब्याच्या बागेत फवारणीला येणारे दोघे, दुसऱ्या मजल्यावरची आजारी आजी. कोपऱ्यातला लंगडा कुत्रासुद्धा आहे, तो नावाने हाक मारत नाही पण ओळखतो, असं खाली लिहिलंय.
आणि एक. गेटवर स्वतःच्या वडिलांचं चित्र काढलंय. त्याखाली: ‘सोसायटीत बहादूर. खरं नाव केशव.’

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

सेक्रेटरी, ७.४१
खुलासा: आधीच्या वॉचमनचे नाव बहादूर होते. रजिस्टरमध्ये तेच पुढे चालू राहिले असावे.

वृषाली
६ वर्षं?

सुभाषकाका, ७.५०
हिला अटॅक आला त्या रात्री पावसात रिक्षा त्यानेच आणली होती. तेव्हाही मी बहादूर बहादूरच ओरडत होतो. आमच्या गावात राखणदाराला नारळ ठेवतात, गाऱ्हाण्यात त्याचं नाव चुकलेलं चालत नाही. आणि इथे आमचा राखणदार गेटवर बसलाय. जाऊ दे. मी खाली जाऊन येतो.

इम्तियाजभाई, ८.०५
रविवारी पोरांना मिरकरवाड्याला नेऊ या का? आरतीचा मामा तिथे खलाशी आहे, ती बोलेल त्याच्याशी. झैदला दादीकडून जाळ्यांची नावं काढायला सांगितलीत. सकाळी लवकर निघावं लागेल. चपला नकोत, जेट्टीवर घसरतं.

बालाजीसर
एकच अट. कुणालाही ‘तुम्ही मूळचे कुठले’ विचारायचं नाही. ‘इथं आल्यावर पहिल्यांदा काय शिकलात’ असं विचारा. मला कुणी विचारलं तर सांगतो: काटे काढायला. पहिलं वर्षभर मासा म्हणलं की घाम फुटायचा.

मेधा
😄 सर, तुम्हीही चला मग.
वर्गशिक्षिकेशी बोलले. पान मागच्या वर्षीचंच होतं, तसंच पुढे आलं म्हणे. मुलांनी नकाशा जोडला तर चालेल. रकाना मात्र राहणार. त्यापुढे दोन गावं लिहायला जागा करते म्हणाल्या.

वृषाली
पुढच्या रविवारी उक्षीची कातळशिल्पं. २०२२ ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली ती. कोरणारे कोण, कुठले, कुणालाच ठाऊक नाही. सड्यावर ऊन चढायच्या आत पोचायला हवं, टोप्या घ्या.

बालाजीसर
ओंकारचं पान भरून झालं. ‘ग्रामदैवत: भगवती.’ खाली बारीक अक्षरात, ‘पप्पांना आता चालतं.’

सेक्रेटरी, ९.३०
सूचना: रजिस्टरमधील नाव दुरुस्त केले आहे. उद्या सकाळी पाणी ७ ऐवजी ८ वाजता सुटेल. वॉल्व्ह श्री. केशव सोडतील.

सुभाषकाका
व्हय म्हाराजा. टाकी पण धुवून घ्या जरा, गाळ येतोय.