टोयोटाचं नाव एवढं मोठं कशाने झालं? (जुनी इनोव्हा की नवी ग्लान्झा, घरात वाद)

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. आमच्या घरात पहिलीच गाडी येतेय. मी, बायको, पाच वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. रोजचं जाणं मुलुंड ते ऐरोली, आणि वर्षातून दोनदा देवगड. बायकोला टोयोटाचीच नवी ग्लान्झा हवी आहे. सासरे म्हणतात, "तेवढ्याच पैशात जुनी इनोव्हा घ्या, टोयोटा म्हणजे डोळे झाकून." ठाण्यात 2014 ची डिझेल इनोव्हा बघितली आहे, 1 लाख 60 हजार किलोमीटर, दुसरा मालक.
गाडीबद्दल सल्ला हवाच आहे, पण मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय. हे "डोळे झाकून" आलं कुठून? सासरे कधी जपानला गेले नाहीत, त्यांची स्वतःची टोयोटा कधी नव्हती. तरी एवढी खात्री! कोणाला कंपनीचा इतिहास माहीत असेल तर सांगा.

चर्चगेट_फास्ट
सासऱ्यांचं ऐका. गाडी चालली तर घरात शांतता, बंद पडली तर आयुष्यभराचा मुद्दा तुमच्या हातात.

कुर्ल्याची_गॅरेजवाली
आमचं गॅरेज आहे, मिस्टर आणि मी दोघं बघतो, म्हणून लिहिते. ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनोच. 2019 मध्ये आली तेव्हा जाळी आणि चिन्ह बदलून आली होती. गाडी छान आहे, पण ती घेताना टोयोटाच्या इतिहासाचे पैसे मोजू नका, इंजिन सुझुकीचं आहे. तेव्हा फरक होता तो वॉरंटीत. मारुती 2 वर्षं किंवा 40 हजार किमी द्यायची, टोयोटा 3 वर्षं किंवा 1 लाख. आता मारुतीनेही तेवढी केली आहे.
इनोव्हाचं म्हणाल तर 2014 ची डिझेल म्हणजे 2029 ला पंधरा वर्षं भरली. मग परत पासिंग, पर्यावरण कर. हे आधीच हिशोबात धरा.

साचेवाल्याचा_पोरगा
ताईंनी गाडीचं सांगितलं, मी नावाचं सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

माझे वडील डिलाईल रोडजवळच्या एका मिलमध्ये साचेवाले. साचा म्हणजे माग, गिरणगावाबाहेरच्यांसाठी सांगतो. एका माणसाकडे दोन साचे. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा, इकडून तिकडे सारखा धावतोय, कानात दडे बसलेले. धोट्यातलं सूत संपलं की साचा थांबवायचा, नवी बॉबिन भरायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक ओढून घ्यायचं. वडिलांचे पुढचे दात त्यानेच गेले असं आई म्हणायची. वडील म्हणायचे, तंबाखूने.
पण खरी कटकट उभ्या धाग्याची. ताण्यातला एक धागा तुटला आणि त्या वेळी नजर दुसऱ्या साच्यावर असली, की पुढचं वारभर कापड डाग घेऊनच निघायचं. माल डॅमेज लागला की पगारातून कापत. धागा तुटला हे साच्याला कळत नाही, ते माणसानेच बघायचं, आणि माणूस तर एकच.

या कटकटीवर जपानमधल्या एका सुताराच्या मुलाने आयुष्य घातलं. साकिची टोयोडा, जन्म 1867, आई घरी हातमागावर बसायची. 1924 मध्ये त्याचा 'जी' नावाचा स्वयंचलित माग तयार झाला. माग न थांबवता धोटा आपोआप बदलायचा, आणि ताण्यातला एक धागा जरी तुटला तरी माग जागच्या जागी उभा राहायचा. आमच्या साच्यांना जे कळत नव्हतं ते याला कळत होतं. 1929 मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क 1 लाख पौंडांना घेतले. गिरणीत ज्यांनी काम केलंय त्यांना प्लॅट हे नाव सांगायला नको, यंत्रांच्या बिडावर ते उठवलेलंच असायचं. ज्यांची यंत्रं आख्खी मुंबई वापरत होती, त्यांनी एका जपानी सुताराकडून उसनं घेतलं.

साकिचीचा मुलगा किइचिरो. त्याने 1933 मध्ये त्याच मागाच्या कारखान्यात मोटारीचा विभाग काढला. 1935 मध्ये पहिला ट्रक, 1936 मध्ये 'एए' ही पहिली विक्रीची कार, आणि 1937 मध्ये मोटारीची वेगळी कंपनी. घराणं टोयोडा, गाडी मात्र टोयोटा, कारण त्यांच्या लिपीत टोयोटा लिहायला आठ रेघा लागतात आणि आठ आकडा तिथे शुभ. आपल्याकडे शोरूमच्या दारात चाकाखाली लिंबू ठेवतात, त्याला कोणी हसू नये.

मी हे सगळं कुठेतरी वाचून वडिलांना सांगितलं होतं. त्या मागावर एक माणूस पंचवीसहून जास्त साचे सांभाळायचा, असंही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पंचवीस साचे म्हणजे आमच्याकडचे बारा साचेवाले. बाकीचे अकरा कुठे गेले?"
मुंबईत 1928 चा सहा महिन्यांचा संप झाला तो दोनाऐवजी तीन साचे लादू नका याही मागणीवर झाला होता, आणि त्याच वर्षांत तिकडे हे पंचवीसवर चालले होते. अकरांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. 1982 च्या संपानंतर आमच्या मिलमधले बाराच्या बारा घरी बसले, तेव्हा तो हिशोबच मिटला. मी नववीत होतो.

असो. मुद्दा असा की मागाची ती सवय त्यांनी मोटारीत नेली. ताइइची ओनो म्हणून एक जण टोयोडांच्या कापड गिरणीतून 1943 मध्ये मोटारीकडे आला. आज टोयोटाच्या पद्धतीबद्दल जे काही शिकवतात त्यातलं बरंचसं त्याचं. कामगाराच्या डोक्यावर दोरी असते. काही चुकलं, बोल्ट बसला नाही, पत्रा वाकडा आला, की दोरी ओढायची. दिवा लागतो, वरचा माणूस धावत येतो, सुटलं नाही तर लाइन थांबते. आपल्या लोकलमध्येही साखळी असते, पण तिच्याखाली पहिली ओळ दंडाची. इथे फरक कळतो. चूक पुढच्या माणसाकडे ढकलायची नाही, आणि थांबवणाऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत.

नाव लगेच झालं असंही नाही. 1950 मध्ये कंपनी बुडायला आली, कामगारकपात, दोन महिने संप, आणि शेवटी किइचिरोने जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तेवढ्यात कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकन सैन्याने ट्रकची ऑर्डर दिली म्हणून वाचले. 1957 मध्ये क्राउन गाडी अमेरिकेला पाठवली ती तिथल्या हायवेवर दमली. मग 1966 ची कोरोला आली आणि पुढचं जग जाणतं.

भारतात यांचं आपल्या मंडळींशी नातं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर, म्हणजे नांगरवाले, तरुणपणी भायखळ्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे (तेव्हा ती माटुंग्याला गेली नव्हती). त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाशी हातमिळवणी केली, आणि गंमत म्हणजे आधी 1995 मध्ये कापडयंत्रांची कंपनी काढली, मोटारीची नंतर, 1997 मध्ये. इथेही आधी सूत, मग चाक. बंगळुरूजवळ बिडदीचा कारखाना, आणि जानेवारी 2000 मध्ये त्यांची इथली पहिली गाडी, क्वालिस. लोक दिसण्याला हसले. पावाच्या लादीला चाकं लावल्यासारखी दिसायची, हे मीही म्हणायचो.

मग 2002 मध्ये मीच घेतली. त्याआधी दादर-पुणे टॅक्सी चालवायचो, पद्मिनी. खंडाळ्याचा घाट चढताना बाजूला पाण्याची बाटली तयार ठेवायची, रेडिएटर तापला की बोनेट उघडून फडक्याने झाकण सोडवायचं. क्वालिसमध्ये ती बाटली मी सवयीने दोन वर्षं ठेवली, नंतर ते पाणी तुळशीला घालायला लागलो.

26 जुलै 2005. मी गांधी मार्केटपाशी होतो, पाणी बॉनेटला लागायला आलं. पुढच्या गाड्या रेटत होत्या. मी किल्ली फिरवून बंद केली, खिडकीतून उतरलो आणि पुलावर जाऊन उभा राहिलो. माझ्या मागचा एक भला माणूस, त्याची दुसऱ्या कंपनीची गाडी पाण्यात बंद पडली होती, तो चार-पाच वेळा स्टार्टर मारत राहिला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिनात खाट्कन आवाज आला तो मला पुलावर ऐकू आला. रॉड वाकला त्याचा.
माझी तिसऱ्या दिवशी वडाळ्याच्या गॅरेजला ओढून नेली. ऑइल काढलं तर दुधाचा चहा. ग्लो प्लग काढून मेकॅनिकने स्टार्टर मारला, दोन सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी उडाली आणि बाजूच्या पोराचा शर्ट भिजला. ऑइल दोनदा बदललं. चालू झाली. पुढे 5 लाख किमी करून विकली.
यात टोयोटाचं श्रेय किती आणि मी किल्ली काढली त्याचं किती, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. पण तुझ्या सासऱ्यांसारख्या लोकांची खात्री अशाच गाड्यांमध्ये मागच्या सीटवर बसून तयार झालीय. शिर्डी, विमानतळ, लग्नाचं वऱ्हाड. स्वतःची टोयोटा नसली तरी भाड्याच्या टोयोटातून ते बरंच फिरले असणार, विचारून बघ.

मुलुंडकर
काका, कमाल! सासऱ्यांना विचारलं. अष्टविनायक 2008, भाड्याची इनोव्हा, "बारा माणसं बसलो होतो आणि एकदाही हुं की चूं केलं नाही." बारा! :)

चर्चगेट_फास्ट
काका, छान लिहिलंय. पण मग चूक दिसली की थांबणारी ही कंपनी अमेरिकेत का थांबली नाही? 2009-10 मध्ये आपोआप वेग वाढतो म्हणून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. आणि अलीकडे डिझेल इंजिनांचंही काहीतरी झालं ना?

साचेवाल्याचा_पोरगा
बरोबर पकडलंस, आणि हे लपवण्यासारखं नाहीच. तेव्हा पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकायची आणि काही गाड्यांचं पेडलच चिकटायचं. फेब्रुवारी 2010 मध्ये साकिचीचा पणतू अकिओ टोयोडा अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बसला. कंपनी फार वेगाने वाढली, असं त्याने तिथे कबूल केलं. 2014 मध्ये ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून 120 कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.
डिझेलचं मला जास्त लागलं. जानेवारी 2024 मध्ये बाहेर आलं की काही डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचण्या करताना आकडे सारखे दिसावेत म्हणून वेगळंच सॉफ्टवेअर वापरलं होतं. आपल्याकडे इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स पाठवणं काही दिवस थांबलं, मग परत सुरू झालं. इंजिनं वाईट होती असं नाही. पण ती कोणाची? टोयोटा इंडस्ट्रीजची. म्हणजेच साकिचीची ती मूळ मागाची कंपनी. ज्या घरात धागा तुटला की थांबायचं शिकवलं, त्याच घरात धागा तुटलेला दिसूनही पट्टा चालू ठेवला. वडील असते तर हसले असते. त्यांना कंपन्यांचा फार पुळका कधीच नव्हता.
तरी मी क्वालिसनंतर इनोव्हाच घेतली, हेही खरं सांगतो.

मुलुंडकर
मग शेवटचं. ठाण्याची ती इनोव्हा घेऊ का? रविवारी बघायला जायचंय, सासरे येणारच आहेत.

कुर्ल्याची_गॅरेजवाली
1 लाख 60 हजार झालेत ना? मग टायमिंग बेल्ट (इंजिनातला रबरी पट्टा) बदलल्याचं बिल मागा. या इंजिनाला दीड लाखाला बदलावा लागतो. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा, तोंडी शब्दावर जाऊ नका.

साचेवाल्याचा_पोरगा
ताई बरोबर बोलल्या. माझं मत विचारशील तर तुझ्या मुलुंड-ऐरोलीला डिझेल इनोव्हा म्हणजे मुंगीला हत्ती. छोटी पेट्रोल घे, बायकोचं ऐक, आणि देवगडला जाताना इनोव्हा भाड्याने काढ. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसव.
पण बघायला जाणारच असशील तर मीटरवर विश्वास ठेवू नकोस, ब्रेकच्या पेडलवरचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड बघ. विमानतळाच्या फेऱ्या मारलेली गाडी तिथे बोलते. आणि मालकाला आदल्या रात्री फोन करून सांग की सकाळी मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी काही न बोलता बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर चहा घे आणि ये परत.