रानात आणि किनाऱ्यावर कुत्र्याला मोकळं सोडावं का?

लांबदोरी (धागा काढणारी)

सुट्टीच्या दिवशी कुत्र्याला समुद्रावर किंवा माळावर न्यायचं म्हणजे पोहोचल्या पोहोचल्या पट्टा सोडायचा, असं बऱ्याच जणांनी धरूनच ठेवलेलं असतं. माझं मत नेमकं उलट. अनोळखी जागी पट्टा सुटताच कामा नये.

म्हणजे दीड मीटरच्या साखळीला बांधून दिवसभर फरफटवा असं नाही. १० मीटरची लांब दोरी घ्या. सुती नको, ती खारं पाणी पिऊन जड होते आणि तिच्यात वाळू भरली की तळहात सोलवटतो. प्लास्टिकचा लेप दिलेली पट्टी मिळते, ती पाणी पीत नाही. कडी हार्नेसच्या (छातीभोवती घालायच्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या रिंगेत अडकवा, गळपट्ट्यात कधीच नाही. १० मीटर सुसाट धावून कुत्रा टोकाला पोहोचला की तो सगळा हिसका मानेला बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका, बोट मोडू शकतं.

एवढा आटापिटा कशासाठी? टिटवीच्या जातीतले पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती खड्यांसारखी दिसतात, पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. कुत्र्याने एकही अंडं फोडलं नाही, तरी पक्षी घाबरून उठतो आणि मागे उन्हात उघडी पडलेली अंडी तापून जातात. कुत्रा नुसता खेळतोय हे आपल्याला कळतं, पक्ष्याला नाही.

मोकळी वाट

पक्ष्यांच्या विणीच्या जागी दोरी हवीच, तिथे वाद नाही. पण 'अनोळखी जागी कधीच नाही' हे मान्य नाही. दोरीला बांधलेला कुत्रा माणसाच्या चालीने चालतो. आडवंतिडवं धावणं, थांबून हुंगणं, परत पळणं यातून त्याचा जो शीण निघतो तो दोरीवर निघत नाही. समोरून दुसरा कुत्रा आला की ताणलेल्या दोरीमुळे त्याला वळसा घालून जाता येत नाही, मग तो गुरगुरतो. आणि लाटांत तर लांब दोरी घातकच! पाण्याखाली ती पायांत अडकते आणि पोहणारा कुत्रा खाली ओढला जातो. पाण्यात दोरी काढा, पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला. ओढ असलेल्या किंवा फुटणाऱ्या लाटांत चेंडू टाकूच नका, कुत्रा चेंडूमागे कुठवरही जातो.

खरा प्रश्न रिकॉलचा, म्हणजे हाकेसरशी परत येण्याचा आहे, आणि तो बिघडवतो आपणच. हाक मारायची ती फक्त घरी निघताना, त्यामुळे 'ये' म्हणजे मजा संपली हे कुत्रा दोन फेऱ्यांत शिकतो. त्याऐवजी एका फेरीत दहा वेळा बोलवा. आला की गळपट्ट्याला हात लावा, खाऊ द्या आणि लगेच पुन्हा सोडा. दहातली एकच हाक परतीची. हात लावणं महत्त्वाचं, नाहीतर तो जवळ येतो आणि हातभर अंतरावरून निसटतो. एकदाच हाक मारल्यावर, समोर दुसरा कुत्रा असतानाही, दहापैकी नऊ वेळा परत फिरत असेल तर मी त्याला सोडण्याच्या बाजूने आहे.

लांबदोरी

दहावी वेळ हरणामागे किंवा रस्त्याकडे गेली तर? शिकारीमागे लागलेल्या कुत्र्याला हाक ऐकूच येत नाही. पाण्याचं मात्र मान्य, तिथे दोरी नको.

ओहोटी

दोघेही दोरीवर अडलात. माझ्या मते उन्हाच्या दिवशी दुपारी कुत्र्याला किनाऱ्यावर नेऊच नये, बांधून नाही की मोकळा नाही.

कुत्रा अंग निववतो ते मुख्यतः धापेवर. घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, जेमतेम. त्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं, ४१ च्या वर गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात. पग, बुलडॉग, बॉक्सर असे बसक्या नाकाचे कुत्रे तर फार लवकर कोलमडतात. वाळूवर तळहाताची उलटी बाजू ७ सेकंद ठेवता आली नाही तर पंजेही भाजणार. न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, लडखडणं दिसलं की सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि मग डॉक्टरांकडे पळा. आधी गार करणं, मग गाडी. बाहेर २४ अंश असताना बंद गाडी अर्ध्या तासात ४३ च्या आसपास जाते, तेव्हा 'पाच मिनिटं गाडीत ठेवू' हा विचारच सोडा.

दुसरं, समुद्राचं पाणी. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ. तहानलेला कुत्रा ते पितो, आधी उलटी-जुलाब होतात, जास्त गेलं तर झोकांड्या आणि झटके. दर १५-२० मिनिटांनी गोडं पाणी पुढे करा, तो मागेल याची वाट बघू नका.

आणि तो केसाळ टेनिस बॉल. ओल्या केसांना वाळू चिकटते, प्रत्येक उचलीबरोबर चिमूटभर पोटात जाते. आतड्यात वाळूचा गोळा होऊन शी अडकू शकते. गुळगुळीत, तरंगणारं रबरी खेळणं घ्या आणि ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवर खेळा.

गोठ्यावरून

माळाबद्दल कुणी बोलतच नाही. चरणाऱ्या गुरांत आणि मेंढरांत मोकळा कुत्रा नको, रिकॉल दहापैकी दहा असला तरी नको. गाभण मेंढी नुसत्या पळापळीनेही गाभडू शकते. शी उचलणं हा शिष्टाचार नाही, ती गरज आहे: कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यावर जातो आणि गाई गाभडतात. पिशवी झुडपाला टांगून जाऊ नका, सोबत न्या.

साचलेल्या डबक्यात उतरू देऊ नका, उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) येतो. लस दरवर्षी द्यावी लागते. घरी आल्यावर कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, गळपट्ट्याखाली गोचीड बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा पेटती काडी लावू नका.

मोकळी वाट

गुरांबद्दल पूर्ण सहमत. पण लांबदोरी, हे वासराच्या आईपाशी लक्षात ठेवा: गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्या. तिचा राग कुत्र्यावर असतो. कुत्रा तिला चुकवून पळू शकतो, माणूस नाही.

लांबदोरी

मान्य, तिथे सोडायची. म्हणून एक करा: दोरीच्या टोकाला शिवलेली हाताची मूठ कापून टाका आणि त्याऐवजी धरायला साधी गाठही मारू नका. सुटलेली दोरी फरफटत जाते तेव्हा तीच मूठ किंवा गाठ झुडपात अडकते, आणि कुत्रा गायीसमोर खिळून राहतो.