ट्रॅक चालवायला 'ट्रॅकडी' पुरे आहे, पुढ्यात अपाचे कशाला?

कळफलक
दहा-पंधरा जणांच्या टीमसाठी बग नोंदवायला ट्रॅक (बग आणि कामांची तिकिटं ठेवणारं, पायथनमधलं वेब सॉफ्टवेअर) उभं करायचं म्हटलं, की पहिला सल्ला ठरलेला: अपाचे हा वेब सर्व्हर टाका, त्यात पायथन चालवणारं मॉड-डब्ल्यूएसजीआय लावा. मला हे मुंगी मारायला तोफ आणणं वाटतं. ट्रॅकबरोबर 'ट्रॅकडी' हा वेब सर्व्हर येतोच. व्हर्च्युअलएन्व्हमध्ये (पायथनच्या वेगळ्या कप्प्यात) पिपने ट्रॅक १.६ घ्या (१.४ पायथन २.७ वरच अडकलेलं आहे), 'ट्रॅक-ॲडमिन'ला फोल्डर दाखवून 'इनिटएन्व्ह' करा (म्हणजे प्रोजेक्टचा फोल्डर, 'एन्व्हायर्नमेंट', तयार होतो), ट्रॅकडीला पोर्ट आणि फोल्डरचा पाथ द्या. संपलं. एकच प्रोजेक्ट असेल तर 'एस' पर्याय लावा, म्हणजे पत्त्यात प्रोजेक्टचं नाव येत नाही. पोर्ट मात्र लिहाच. नाही लिहिलं तर तो ८० धरतो, आणि १०२४ च्या खालचं पोर्ट साध्या युजरला सहसा मिळत नाही.

लॉगिनसाठी एचटीपासवर्डची (युजर-पासवर्डांची) फाइल बनवून 'बेसिक-ऑथ' पर्यायात तीन गोष्टी स्वल्पविरामाने जोडून द्यायच्या: फोल्डरचं नाव, फाइलचा पाथ, रेल्म (लॉगिनच्या क्षेत्राचं नाव). स्वल्पविरामानंतर स्पेस नको, बरेच जण तिथेच अडकतात. सगळ्या प्रोजेक्टांसाठी नावाच्या जागी तारांकन चालतं, पण अवतरणात, नाहीतर शेल त्याचा स्वतःचा अर्थ लावायला बघतं.

उंबरठा
असहमत. तुमच्या कृतीत 'होस्टनेम' पर्याय कुठे आहे? तो दिला नाही तर ट्रॅकडी सगळ्या इंटरफेसवर ऐकत बसतो. लोकांना वाटतं आपल्या मशीनपुरतं चाललंय, आणि ते सबंध नेटवर्कला उघडं असतं. त्यात ट्रॅकडी तुमच्या कृतीप्रमाणे चालवला तर साधं एचटीटीपीच वापरतो; एचटीटीपीएससाठी प्रोटोकॉल आणि सर्टिफिकेट वेगळं द्यावं लागतं. बेसिक ऑथमध्ये पासवर्ड बेस-६४ मध्ये जातो, म्हणजे उघडाच.

'होस्टनेम'ला लोकलहोस्ट द्या आणि समोर एन्जिनएक्स (विनंत्या घेऊन मागे पाठवणारा वेब सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) बसवा. त्याची सेटिंगची फाइल पंधरा ओळींची होते, तोफ वगैरे काही नाही.

कळफलक
होस्टनेमचा मुद्दा मान्य, ते लिहायलाच हवं होतं. पासवर्डसाठी डायजेस्ट पद्धत आहे की! 'बेसिक-ऑथ'ऐवजी 'ऑथ' पर्याय द्या, पासवर्ड तारेवर जातच नाही.

उंबरठा
पासवर्ड जात नाही, पण लॉगिननंतरची ट्रॅकची कुकी (लॉगिन झाल्याची खूण) उघडीच जाते. ती उचलली की पासवर्डची गरज कुणाला?

एन्जिनएक्स लावणाऱ्यांसाठी: ट्रॅक.आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये 'बेस_यूआरएल'ला एचटीटीपीएसचा पत्ता द्या, 'यूझ_बेस_यूआरएल_फॉर_रीडायरेक्ट' आणि 'सिक्युअर_कुकीज' चालू करा. पहिल्या दोन गोष्टी राहिल्या तर लॉगिन करताच ब्राउझर साध्या एचटीटीपीवर फेकला जातो. पासवर्ड विचारायचं काम एन्जिनएक्सकडे हलवू नका. त्याने तपासलेलं युजरचं नाव प्रॉक्सीतून ट्रॅकडीपर्यंत आपोआप पोचत नाही, आणि ट्रॅकडीचे ऑथ पर्याय काढून टाकले असतील तर लॉगिनवर 'ऑथेंटिकेशनची माहिती उपलब्ध नाही' असा संदेश येतो. ते काम ट्रॅकडीकडेच राहू द्या, लॉगिनचा हेडर एन्जिनएक्समधून पलीकडे जातो.

आणि अटॅचमेंट: ट्रॅकची मूळ मर्यादा २,६२,१४४ बाइट, म्हणजे २५६ केबी. साधा स्क्रीनशॉटही अडकतो. ती वाढवून ५ एमबी केली तरी एन्जिनएक्स १ एमबीलाच थांबवून ४१३ (फार मोठं) ही एरर देतो. दोन्हीकडे बदला.

रात्रपाळी
दोघं दारावरच भांडताय. घरात दिवा चालू राहतो का ते बघा आधी.

एसएसएचमधून असाच सुरू केलेला ट्रॅकडी खिडकी बंद केली की जातो. नोहप (खिडकी गेली तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) लावला तरी रीबूटनंतर उठत नाही. सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू ठेवणाऱ्या प्रोग्रामची) युनिट फाइल लिहा: वेगळा युजर, व्हर्च्युअलएन्व्हमधल्या ट्रॅकडीचा पूर्ण पाथ, टाइप 'सिंपल', रीस्टार्ट 'ऑन-फेल्युअर'. आणि इथे ट्रॅकडीचा 'डी' (पार्श्वभूमीत चालण्याचा) पर्याय देऊ नका. त्याने मूळ प्रोसेस लगेच बाहेर पडते आणि काम संपलं समजून सिस्टमडी उरलेलं आवरून टाकतो. 'लॉग_टाइप' एसटीडीइआरआर ठेवा, लॉग सिस्टमडीच्या जर्नलमध्ये जातो आणि फाइल फिरवायची कटकट उरत नाही.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक: रूट होऊन 'इनिटएन्व्ह' करायचं आणि सर्व्हर दुसऱ्या युजरने चालवायचा. एसक्यूलाइट या डेटाबेसला नुसत्या ट्रॅक.डीबी फाइलवर परवानगी पुरत नाही. बाजूला जर्नल फाइल बनते, म्हणून डीबी फोल्डरही लिहिता यायला हवा. सबंध एन्व्हायर्नमेंटवर चओन करा, म्हणजे मालक बदला.

बॅकअपसाठी सीपी (साधी कॉपी) नको, ट्रॅक-ॲडमिनची 'हॉटकॉपी' करा. ती चालू डेटाबेसची नीट प्रत घेते. जिथे प्रत ठेवायची तो फोल्डर आधीपासून असता कामा नये, म्हणून नावात तारीख घाला. पासवर्डची फाइल बाहेर ठेवली असेल तर ती यात येत नाही!

उंबरठा
रात्रपाळींशी सहमत. तरी वेगाचा प्रश्न राहतोच. ट्रॅकडी थ्रेड वापरतो, पण पायथनच्या जीआयएलमुळे (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणाऱ्या कुलपामुळे) सगळे थ्रेड मिळून साधारण एकाच कोअरवर. मॉड-डब्ल्यूएसजीआय अनेक प्रोसेस उघडू शकतो.

कळफलक
आणि खाली एसक्यूलाइट असेल तर एका वेळी एकच जण लिहितो. चार प्रोसेस केल्या म्हणून तिकिटं चौपट वेगाने सेव्ह होणार नाहीत.

उंबरठा
लिहिणं नाही, वाचणं म्हणतोय. टाइमलाइन आणि मोठे डिफ (कोडमधले बदल) दाखवायला सीपीयू लागतो. ट्रॅक इंटरनेटवर उघडं असेल तर क्रॉलर (पानं चाळणारे बॉट) नेमके डिफच उपसत बसतात. एन्जिनएक्समध्ये विनंत्यांना मर्यादा घालता येते, ट्रॅकडीत ती सोय नाही.

कळफलक
जगाला उघडं असेल तर तुमचंच बरोबर. मी टीमपुरतं म्हणतोय. ट्रॅकडी लोकलहोस्टवर, प्रत्येकाने एसएसएचचा 'एल' पर्याय वापरून ८०८० पोर्टचं टनेल (कूटबद्ध वाट) काढायचं. कुकी झाकली, सर्टिफिकेटची भानगड नाही.

रात्रपाळी
चालेल, पण मग 'बेस_यूआरएल' लोकलहोस्ट:८०८० ठेवा आणि सगळ्यांनी आपल्या बाजूलाही ८०८० च घ्या. एकाने ९००० घेतलं तर ईमेलने आलेल्या तिकिटाच्या लिंका फक्त त्याच्याकडे उघडणार नाहीत, आणि कारण शोधण्यात दुपार जाईल.